दोष शर्टाचा

गेल्या काही महिन्यांत जगातले सगळे वाईट शर्ट आपल्याच अंगावर येऊन पडलेत, अशी मास्टरांची खात्री झाली होती.

उजव्या बगलेखालून जी शिवण बरगड्यांवरून खाली उतरते, ती टोचायची. टोचायची म्हणजे साधीसुधी नाही. कापड नुसतं टेकलं तरी आग आग व्हायची, आणि मधूनच कुणी तापलेली सुई खुपसावी तशी चमक थेट पाठीपर्यंत जायची. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दुखतंय. पण मास्टर पडले शिंपी. कपडा अंगाला लागला तर चूक कपड्याची, अंगाची नव्हे, हे ते आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. पोट सुटलेल्या माणसालाही त्यांनी कधी पोटावरून बोलू दिलं नव्हतं. मग स्वतःच्या अंगाला वेगळा न्याय कसा लावणार?

तेव्हा खापर फोडायला सुरुवात झाली. पहिलं फुटलं दोऱ्यावर. दोऱ्याचं अख्खं खोकं त्यांनी दुकानदाराला परत केलं, वर त्याला चार शब्द सुनावले. मग कापडाचा नंबर लागला. हल्ली सुतात म्हणे पूर्वीचा मऊपणा राहिला नाही. मग एके दिवशी सकाळी ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"साबण बदललास का?"

"साबण तोच आहे आणि नवराही तोच आहे," बायको म्हणाली. "दोन्हींतला एक बदलायचा ठरला तर आधी सांगेन तुम्हाला."

मास्टर मुकाट्याने दुकानात आले आणि त्यांनी अंगातला शर्ट काढून बाजूची शिवण उसवली. ती पुढे सरकवली. तरी टोचे. मग शर्ट सैल केला. मग आणखी सैल. होता होता तो इतका ढगळ झाला, की पंख्याखाली उभे राहिले की मास्टर फुगायचे. चालताना ते उजवा हात अंगापासून थोडा लांब धरत. त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांना वाटे, मास्टर हल्ली फार ऐटीत चालतात.

आता खरं काय होतं, ते सांगून टाकायला हरकत नाही. थंडी सरता सरता मास्टरांना नागीण झाली होती. उजव्या बरगड्यांवरून पाठीकडे फोडांचा एक पट्टाच उठला होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, फोड सुकले, खपल्या पडल्या, फिकट डाग तेवढे राहिले. मास्टरांच्या दृष्टीनं पाहुणा गेला, दार लावलं, विषय मिटला. पाहुणा जाताना घरात काय काय मोडून गेला, हे बघायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मध्यंतरी ते रक्तदाब दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलंसुद्धा, "बाकी काही दुखतंखुपतं?"

"छे!" मास्टर म्हणाले. "पण तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. आणून द्या, नीट करून देतो."

ते खोटं बोलले नव्हते. दुखणं म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या ठरलेली होती. त्यांच्या आईनं दुखणं काढलं होतं. ती अंथरुणाला खिळली होती, आणि तिचं कण्हणं शेजारच्या घरात ऐकू जायचं. त्याला दुखणं म्हणतात. आपण तर सकाळी उठतो, दाढी करतो, दुकान उघडतो. आपल्याला फक्त शर्ट टोचतो.

दुकानात दोन मशीन होती. एक मास्टरांचं, एक मुलीचं. मुलगी लहानपणी काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून मास्टर तिला टाचणी म्हणत. आता तिच्या कानशिलावर पांढरे केस डोकावायला लागले, तरी नाव टाचणीच. शाळा सुटल्यापासून ती वडिलांच्या शेजारी बसली ती तिथलीच झाली. काज, बटणं, बाह्या, अस्तर, सगळं ती करायची. पण गिऱ्हाइकाचं माप घेणं आणि कापडाला कात्री लावणं, ही दोन कामं मास्टरांनी कधी हातची सोडली नाहीत. "अजून वेळ आहे," म्हणायचे. टाचणीचं निम्मं आयुष्य त्या वेळेची वाट बघण्यात गेलं होतं.

वडिलांचे हाल तिला बघवेनात. एका सुट्टीच्या दिवशी तिनं त्यांच्या जुन्या मापावरून, त्यांना न सांगता, एक शर्ट बेतला आणि शिवला. जुन्या धुतलेल्या, लोण्यासारख्या मऊ कापडाचा. बगलेखालची शिवण तिनं आतून दुमडून इतकी सपाट बसवली होती, की बोट फिरवलं तर कळू नये. तिच्या हातचा, पहिल्या कात्रीपासून शेवटच्या बटणापर्यंतचा, हा पहिला शर्ट.

मास्टरांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. मनात म्हणाले, काम बरं आहे. मग अंगात घातला आणि खालचं बटण लावता लावताच त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"टोचतोय," ते म्हणाले. "शिवण जमली नाही तुला."

त्यांनी तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. टाचणी एरवी शब्दाला शब्द देणारी.  पण त्या दिवशी शर्ट उचलून तिनं नुसती घडी केली आणि बॉबिन भरत बसली. मास्टरांना जरा चुकल्यासारखं वाटलं, पण खोटं कौतुक त्यांच्या रक्तात नव्हतं.

मग त्यांनी स्वतः एक शर्ट शिवला. हातात होतं नव्हतं ते सगळं कसब ओतलं. बाजूला शिवणच येऊ नये म्हणून तुकडे निराळे बेतले, तीन रात्रींची झोप त्या विचारात घालवली. तशीही झोप कुठे लागत होती! पांघरूणसुद्धा टोचायला लागलं होतं. तयार झालेला शर्ट त्यांनी आरशासमोर घातला, आणि बरगड्यांवर तीच आग पेटली.

मास्टर स्टुलावर बसून राहिले.  दोरा बदलला, कापड बदललं, साबणावरून बोलणी खाल्ली, मुलीनं शिवलं, आपण शिवलं. उरलं काय? उरले हात. आपला हात गेला. वय झालं, हात गेला, आणि पोरीचा तर तो कधी बसलाच नव्हता. हे उघड झाल्यावर दुकान चालवणं म्हणजे लोकांना फसवणं. त्यांना रडू आलं नाही, पण दुकानातल्या कात्रीकडे बघवेना.

शेजारचे बूटवाले कधीपासून मागे लागले होते. मधली भिंत काढून त्यांना आपलं दुकान मोठं करायचं होतं. मास्टरांनी त्याच संध्याकाळी त्यांना सांगून टाकलं, "या हंगामातली कामं संपली की जागा तुमची."

टाचणीला हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. इस्त्री करता करता, तिच्याकडे न बघता.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तू हुशार आहेस. तयार कपड्यांच्या कारखान्यात कुणीही घेईल."

"तिथे दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायला लावतात, बाबा. कॉलर झाली की पुढच्याकडे. अख्खा शर्ट कुणाच्या नशिबी नसतो."

"मग काय करू? माझा हात गेलाय, आणि तुझा..." मास्टरांनी जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता.

"बोला की. माझा काय?"

मास्टर इस्त्री फिरवत राहिले. टाचणी उठली, तिनं दुकानाचा पडदा ओढला आणि गळ्यात टेप अडकवून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"शर्ट काढा. मी माप घेणार आहे."

"माझं माप मला पाठ आहे."

"ते काळे केस होते तेव्हाचं माप आहे. जुन्या मापावर शिवलेला शर्ट नाही जमला, तर हात गेला म्हणायचं? गिऱ्हाइकाला असं म्हणू द्याल तुम्ही? काढा."

हा मुद्दा बिनतोड होता. धंद्यातला होता म्हणून मास्टरांना तो टाळता येईना. त्यांनी शर्ट काढला.

"सरळ उभे राहा."

"उभाच आहे."

"तुम्ही उजवीकडे झुकलाय, बाबा. आरशात बघा."

मास्टरांनी बघितलं. उजवा खांदा खाली आला होता, हात पंखासारखा बाजूला निघाला होता, आणि सगळं अंग एका बाजूनं आत ओढलं गेलं होतं. असं गिऱ्हाईक आलं असतं तर त्यांनी एका नजरेत ताडलं असतं. स्वतःला मात्र ते इतके दिवस फक्त शर्ट बघायलाच आरशासमोर उभं करत होते.

"हात वर करा," टाचणी म्हणाली आणि तिनं छातीचं माप घ्यायला टेप मागून पुढे आणला. गुळगुळीत, जुना, बोटांनी झिजलेला टेप. तो बरगड्यांना जेमतेम टेकला असेल नसेल, मास्टर "आई गं!" म्हणून असे उडाले, की बटणांचा डबा खाली आला आणि बटणं खोलीभर झाली.

"टोचलं," मास्टर धापा टाकत म्हणाले. "टेपची शिवण..."

टाचणी टेप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"टेपला कुठे शिवण असते, बाबा?"

 मास्टरांनी टेप तिच्या हातून घेतला, या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला. मग हळूच, डोळे मिटून, स्वतःच्या हातानं पुन्हा त्या जागी टेकवला. आग. बोटाचं टोक टेकवलं. आग. शेवटी त्यांनी तोंडानं तिथे नुसती फुंकर मारायचा प्रयत्न केला, ती नीट पोचली नाही, म्हणून टाचणीला मारायला लावली. फुंकरीनंही आग.

"मग दोष शर्टाचा नाही," मास्टर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"शर्टाचा नाही."

"अंगाचा आहे."

टाचणीला त्यांचा रागही येत होता आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटत होती. मिठीची सोय नव्हती, म्हणून ती खाली बसून बटणं वेचू लागली. "कधीपासून चाललंय हे?"

"नागीण गेली तेव्हापासून."

"आणि इतके दिवस चकार शब्द नाही?"

"रोज तर सांगत होतो," मास्टर म्हणाले. "शर्ट टोचतो म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत, हे मास्टरांना फार बरं वाटलं. त्यांनी कापसाचा बोळा आधी डाव्या बरगडीवर फिरवला, मग उजवीकडे, आणि मास्टरांचा चेहरा बघून लगेच उचलला.

"नागीण कातडीवर दिसते, पण ती राहते नसेमध्ये," त्या म्हणाल्या. "फोड बरे झाले तरी नस दुखावलेली राहते. मग नुसत्या स्पर्शाचा निरोपसुद्धा ती आग म्हणून वर पोचवते. उतारवयात हे पुष्कळांना होतं. मी मागे विचारलं होतं तुम्हाला, दुखतं का म्हणून."

"दुखत नाहीच. आग होते. चमकतं. चावतं."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मास्टर, आग होते, चमकतं, चावतं, ठणकतं, हे सगळं दुखणंच. यापुढे मीही एकच शब्द विचारून थांबणार नाही. झोप लागते?"

"वय झालं की झोप कमीच होते."

"वयाच्या माथी मारू नका. वयानं केस पांढरे होतात, आग होत नाही. आग होते तेव्हा तिला कारण असतं, आणि बहुतेक वेळा तिच्यावर काहीतरी करता येतं."

मग त्यांनी नीट समजावलं. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. नस शांत करणारं औषध रात्री, अगदी थोडं सुरू करायचं आणि बेतानं वाढवायचं. त्यानं डोकं गरगरतं, तेव्हा अंथरुणातून एकदम उठायचं नाही, पडून हाड मोडलं तर एकाचे दोन ताप. त्या जागी लावायला बधिर करणारा मलम. काम बंद करायचं नाही, पण आग भडकेपर्यंत ओढायचंही नाही.

"आणि शर्ट?" मास्टरांनी विचारलं.

"शर्ट ढगळ नको. ढगळ कापड हलतं, घासतं. आतून मऊ, अंगाला चिकटून बसणारी बंडी घाला."

म्हणजे इतके दिवस शर्ट सैल करकरून आपणच विस्तवात फुंकर घातली होती! मास्टरांना स्वतःच्या अकलेची कीव आली.

"पूर्ण जाईल ना?"

"जातं पुष्कळांचं. वेळ लागतो. तुमचं जाईलच, असा शब्द मी देत नाही. पण तुमचं चालणं, झोपणं, शिवणं सुखाचं होईल इतपत नक्की आणू."

मास्टरांनी मान डोलावली. नव्या कपड्याची भलती हमी देणाऱ्यांवर त्यांचाही कधी विश्वास नव्हता.

पुढचे काही आठवडे बरे-वाईट गेले. औषधानं सुरुवातीला मास्टर सकाळी भोवऱ्यासारखे डोलायचे आणि बायको मागून हात धरून चालायची. डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी केली, मग पुन्हा हळू वाढवली. टाचणीनं घट्ट बंडी शिवली, ती त्यांनी घातली. एक रात्र सलग झोप लागली, तेव्हा सकाळी उठून त्यांनी बायकोची साबणाबद्दल क्षमा मागितली. "साबणाची मागा," ती म्हणाली, पण तिचा जीव भांड्यात पडला होता. आग गेली नव्हती. पण ती आता घरात राहणाऱ्या चिडक्या नातेवाइकासारखी झाली होती, कधी कोपऱ्यात बसून असायची, कधी अंगावर यायची.

हात गेला नव्हता, हे मास्टरांना कळून चुकलं होतं. कुणाचाच गेला नव्हता. पण हे तोंडानं म्हणायचं म्हणजे जरा अवघडच. बूटवाल्यांना शब्द दिलेला, आणि मुलीचा शर्ट टाकून दिलेला. दोन्ही गोष्टी त्यांच्या जिभेवर यायच्या आणि तिथूनच परत जायच्या. टाचणीही विचारत नव्हती. फक्त कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं आणि येत्या आठवड्यात तिला हो किंवा नाही कळवायचं होतं, एवढं मास्टरांनी बायकोकडून ऐकलं होतं.

आणि त्याच आठवड्यात एक वाईट दिवस उगवला. सकाळपासूनच बरगड्या धगधगत होत्या, मलमालाही जुमानत नव्हत्या. नेमके त्याच दिवशी जुनं गिऱ्हाईक असलेले वकीलसाहेब कोटाचं माप द्यायला आले. मास्टरांशिवाय दुसऱ्या कुणाला त्यांनी आजवर अंगाला हात लावू दिला नव्हता. पाठोपाठ बूटवाले सुताराला घेऊन आले.

"तुमचं चालू द्या, मास्टर," ते म्हणाले. "आम्ही नुसती भिंत मोजतो."

मास्टर टेप घेऊन उठले. वकीलसाहेबांनी सवयीनं दोन्ही हात बाजूला पसरले. मास्टरांनी टेप त्यांच्या पाठीमागून न्यायला उजवा हात उचलला, आणि चमक बरगडीतून निघून डोळ्यांपर्यंत आली. हात अर्ध्यातच थांबला. साहेबांच्या अंगातल्या कोटाचं कापड जाड आहे, असं म्हणता आलं असतं. टेप अडकला, असंही म्हणता आलं असतं. टाचणीनं मशीन थांबवलं होतं. सुतार भिंतीवर खडूनं रेघ मारत होता.

"दुखतंय," मास्टर म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून त्या दुकानात कुणी ऐकला नव्हता. वकीलसाहेबांचे हात तसेच हवेत राहिले.

"फार दुखतंय आज मला. बसतो मी." ते स्टुलावर बसले. मग टेप त्यांनी मुलीच्या दिशेनं धरला. "माप ही घेईल. कोटही हीच बेतेल."

"ही?" वकीलसाहेब म्हणाले. "म्हणजे, तिला येतं ना?"

"साहेब, हिनं मला एक शर्ट शिवला होता. त्यात काडीचा दोष नव्हता. मी तो फेकला, आणि वर हिलाच म्हणालो, तुला जमत नाही. दुखत होतं मला, बोल लावला तिच्या हाताला." मास्टरांनी मुलीकडे बघितलं. "फार वाईट वागलो मी तुझ्याशी, टाचणे."

मग ते सुताराकडे वळले. "ती रेघ पुसा, भाऊ. दुकान माझ्या मुलीचं आहे, ते चालू राहणार. बूटवाले, मी दिलेला शब्द मागे घेतो. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

बूटवाल्यांनी मास्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सुताराला मानेनं खूण केली. सुतारानं बाहीनं रेघ पुसली.

टाचणी पुढे आली. तिनं टेप घेतला, वकीलसाहेबांच्या पाठीमागून फिरवून छातीवर जुळवला आणि आकडा वाचायला वाकली. मास्टर कागद-पेन्सिल घेऊन तयार होते.

"छाती," टाचणी म्हणाली, "बासष्ट."

"बासष्ट?" वकीलसाहेब घाबरून स्वतःकडे बघू लागले.

मास्टरांनी काही लिहिलं नाही. "डोळे पूस," ते म्हणाले. "आणि परत मोज. काही घाई नाही."